काठावरची दोन भोकं

“...मग राहिलं काय, आबा? सगळं तर केलं.”

यशोधन कारखानीसने हे तिसऱ्यांदा विचारलं. आबा वडके तांब्याच्या हंड्यावर ठोके घालत होते, ते घालतच राहिले. कसबा पेठेतल्या तांबटांच्या आळीत ऐंशी वर्षं काढल्यावर कान शाबूत राहत नाहीत. आबांचा एक कान केव्हाच गेला होता, आणि दुसरा ते सोयीप्रमाणे वापरतात, असं आळीतले लोक म्हणायचे.

दोघांच्या मध्ये तो दिवा उभा होता.

पुरुषभर उंचीची बारीक काळी दांडी. खाली तीन किडकिडे पाय. वर बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला हात आणि त्याच्या टोकाला पालथ्या वाटीसारखी शेड, बाहेरून काळी, आतून पांढरी. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका कारखान्यात घडलेला. हंडे, घंगाळी आणि तांब्याच्या कातरणीच्या पसाऱ्यात तो अंग चोरून उभा असल्यासारखा दिसत होता.

फ्रान्समधले असे जुने दिवे मिळवायचे, नीट करायचे आणि हौशी लोकांच्या घरात लावून द्यायचे, हा यशोधनचा व्यवसाय. आता चौपन्नाव्या वर्षी त्यात त्याचा हात धरणारा पुण्यात कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःही अधूनमधून सांगायचा. स्क्रूचा माथा बघून दिव्याचं साल सांगायचा. कुणाच्या घरी जेवायला गेला तर आधी छताकडे बघायचा, मग ताटाकडे. यजमानांच्या दिव्यांवर त्याने मत दिलं नाही असं एकही जेवण झालं नसेल. पुन्हा न बोलावणारेही बरेच होते.

आबांकडे तो बारा वर्षांपूर्वी आला तो एक चेपलेली शेड घेऊन. आबांनी ती मांडीवर घेतली, लाकडी हातोडीने आतून हळूहळू उचलत नेली आणि अर्ध्या तासात परत दिली. यशोधन बघत राहिला. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तो येऊन बसायला लागला. ठोका कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हे तो इथेच शिकला. चार लोकांत तो आबांना गुरू म्हणायचा. आबा त्याला गिऱ्हाईक म्हणायचे.

पण हा दिवा त्याने दुरुस्तीसाठी आबांकडे आणला नव्हता. त्याला कारण होतं. मागे एकदा आबांनी एका दिव्यावरचा पोचा मुद्दाम तसाच ठेवला होता. का, असं विचारल्यावर म्हणाले होते, राहू द्या, पडला तेव्हा कुणीतरी हळहळलं असेल. यशोधनला ते पटलं नव्हतं. जुनी वस्तू कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे, असं त्याचं ठाम मत. म्हणून हा दिवा त्याने मुंबईच्या एका मोठ्या कार्यशाळेत दिला होता. तिथे यंत्रं होती, रंगांचे नमुने होते, सगळं होतं.

ठोके थांबले.

“हा दुकानातला नव्हे,” आबा म्हणाले.

“नाही.”

“मग?”

“आईचा आहे.”

आबांनी हातोडी खाली ठेवली. चांगला कान यशोधनकडे केला.

मग यशोधनने सांगितलं. बारा वर्षांत जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्याचे वडील, नाना, वीजप्रकल्पावर इंजिनियर होते. घाटाखालच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. प्रकल्पावर एक फ्रेंच जोडपं होतं. ते मायदेशी परत निघालं तेव्हा बाईने हा दिवा यशोधनच्या आईला दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे जायच्या. आई वसाहतीच्या शाळेत शिकवायची. जेवणं उरकली की ती या दिव्याखाली वेताच्या खुर्चीत बसून मुलांच्या वह्या तपासायची. खुर्चीच्या डाव्या बाजूला, जमिनीवर, यशोधनची गादी असायची.

तो प्रकाश त्याला अजून दिसायचा. भिंतीवर पिवळसर, आईच्या मांडीवर दाट, आणि त्याच्या गादीपाशी आला की एकदम मऊ, जवळजवळ नाहीच. त्या कडेवर तो झोपून जायचा. लाल पेन्सिलीचा आवाज तेवढा येत राहायचा.

तो दहा वर्षांचा असताना आई गेली.

महिनाभराने एके दिवशी शाळेतून आला तर कोपरा रिकामा. नानांनी दिवा प्रकल्पाच्या स्टोअरकीपरला देऊन टाकला होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही. यशोधनने विचारलंही नाही. तेव्हापासून आजपर्यंत त्याने ते नानांना माफ केलेलं नव्हतं.

“नाना आहेत?” आबांनी विचारलं.

“आहेत. सत्त्याऐंशी चालू आहे. माझ्याकडेच असतात. घरात आम्ही दोघंच.”

“बोलता?”

“औषधापुरतं.”

आबांनी मान हलवली. यशोधन पुढे सांगत राहिला.

त्याने आयुष्यभर दिवे विकले, पण खरं म्हणजे तो एकच दिवा शोधत होता. लोकांच्या घरी दिवा लावून झाला की बटण दाबताना त्याची नजर आधी डाव्या बाजूच्या जमिनीवर जायची. दरवेळी तो वेगळाच प्रकाश निघायचा. मग पाच महिन्यांपूर्वी कऱ्हाडहून फोन आला. त्या स्टोअरकीपरच्या मुलाने वर्तमानपत्रात यशोधनचा फोटो पाहिला होता. आमच्या माळ्यावर असलाच एक दिवा पडलाय, म्हणाला.

यशोधन त्याच दिवशी गेला. दिव्याच्या एका पायावर कंपासच्या टोकाने कोरलेला ‘य’ होता. चौथीत असताना त्यानेच कोरला होता, आणि मार खाल्ला होता. माळ्याखालच्या धुळीत तो त्या पायाला धरून बसला. चव्वेचाळीस वर्षांनी त्याला रडू आलं, परक्या माणसाच्या घरात.

“मग तो ‘य’ कुठाय?” आबा दिव्याच्या पायाकडे वाकून बघत म्हणाले.

यशोधन जरा चाचरला.

“घासून काढला. मूळ दिव्यावर तो नव्हता, आबा.”

आबांनी तिन्ही पायांवरून हात फिरवला आणि पुन्हा बसले.

चार महिन्यांनी दिवा घरी आला. आतला पांढरा रंग त्या सालच्या कारखान्याच्या नमुन्याशी जुळवलेला. वायर कापडी वेष्टनाची, तशीच. बल्ब सुद्धा फ्रान्सहून मागवलेला. यशोधनने हॉलमध्ये वेताची खुर्ची ठेवली, दिवा तिच्या पाठीशी उभा केला आणि बटण दाबलं.

स्वच्छ, भक्क उजेड पडला. तो आईचा नव्हता.

त्याने बल्ब बदलले. नऊ प्रकारचे बल्ब लावून पाहिले. भिंतीचा रंग बदलून घेतला. दिवा इंच इंच सरकवला. आठ दिवस हेच चाललं होतं. नाना हॉलमधल्या दिवाणावर पडून असायचे. दिवा लागला की डाव्या हाताने पंचा ओढून डोळ्यांवर घ्यायचे. मालव रे तो, एवढंच म्हणायचे. यशोधनच्या घरातल्या साऱ्याच दिव्यांबद्दल त्यांचं हेच मत होतं, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही.

“म्हणून विचारतोय,” तो म्हणाला. “दिवा तोच आहे. सगळं मुळासारखं आहे. मग राहिलं काय?”

आबा उठले. त्यांनी शेड दोन्ही हातांत धरली, ताटाचा काठ तपासतात तशी. डोळे मिटले आणि अंगठा काठावरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एक वेढा झाला. दुसऱ्या वेढ्याला अंगठा थांबला. थोडा मागे आला. पुन्हा थांबला.

“इथं दोन भोकं होती.”

यशोधन थक्क झाला. मुंबईच्या कारागिरांनी ती भरून, घासून, वर तीन हात रंग दिला होता. त्याला स्वतःलाही ती आता सापडली नसती.

“होती. बुजवली.”

“काय होतं तिथं?”

“काही नाही हो. एक पत्र्याची पट्टी रिवेट मारून बसवली होती. तुपाच्या डब्याचा पत्रा असावा. वीतभर लांब, चार बोटं रुंद. काठाच्या खाली लोंबत होती. वरून काळं फासलेलं. त्या कऱ्हाडवाल्यांच्या घरात कुणीतरी अक्कल चालवली असणार. एवढ्या सुंदर शेडला...”

“फोटो काढला असेल तुम्ही.”

काढला होता. दुरुस्तीच्या आधी, मध्ये आणि नंतर फोटो काढायची त्याची शिस्तच होती. त्याने फोन आबांपुढे धरला. आबांनी चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी नेला. पट्टी लावलेली शेड पाहिली. मग पट्टी काढल्यावरची.

“पट्टीच्या खालचा रंग बघा.”

यशोधनने पाहिलं. शेडवर सगळीकडे रंग विटलेला, खरवडलेला. पट्टीच्या जागी मात्र तो काळाभोर, नवा कोरा.

“दिवा नवा होता तेव्हाच लागलीय ही,” आबा म्हणाले. “कऱ्हाडला नव्हे.”

यशोधनच्या लक्षात आलं. स्क्रू बघून साल सांगणाऱ्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं, चार महिन्यांपूर्वीच.

“पट्टी कुठाय?”

“...भंगारात गेली.”

आळीत शेजारच्या घरातून ठोक्यांचा आवाज येत होता. मग आबांनी दार लोटलं. खोली अंधारली. त्यांनी दिव्याची पिन भिंतीत लावली आणि बटण दाबलं.

“निजा,” आबा म्हणाले.

“काय?”

“गादीवर निजायचात ना? तसे निजा. दिव्याच्या डाव्या अंगाला.”

यशोधनच्या अंगात परदेशी लिननचा पांढरा सदरा होता. जमिनीवर कोळशाची पूड आणि तांब्याचा चुरा. त्याने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा आबांकडे. आबांनी एक गोणपाट पसरलं. तो निजला.

बल्ब थेट डोळ्यांत आला. त्याने आपसूक हात आडवा धरला.

“हात काढा.”

“डोळ्यांवर येतंय, आबा.”

“येणारच.”

आबांनी कोपऱ्यातून पत्र्याचा एक तुकडा उचलला. कात्रीने कापला. गुडघ्यावर दाबून त्याला किंचित बाक दिला. मग दिव्यापाशी उभे राहिले आणि तो तुकडा हाताने शेडच्या काठाला लावून धरला, अंगठा थांबला होता बरोबर तिथे.

यशोधनने हात काढला.

बल्ब दिसेनासा झाला. भिंतीवर पिवळा उजेड होता. जिथे आईची मांडी असायची तिथे तो दाट होता. आणि त्याच्या चेहऱ्यापाशी येता येता तो मऊ होत गेला होता, जवळजवळ नाहीच.

तोच.

चव्वेचाळीस वर्षं तो जे शोधत होता ते एका डब्याच्या पत्र्यापलीकडे होतं, आणि तो पत्रा त्याने स्वतः फेकायला सांगितला होता. त्याला आई हवी होती. वहीचं पान उलटल्याचा आवाज येईल म्हणून तो श्वास धरून पडून राहिला.

“हलवू नका, आबा.”

आबांनी हलवला नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात, थोड्या वेळाने थरथरायला लागला. उजेडाची कड यशोधनच्या कपाळावर वरखाली होऊ लागली. तरी आबा उभे होते. शेवटी त्यांचा हात आपोआप खाली आला आणि बल्ब पुन्हा डोळ्यांत घुसला.

यशोधन उठून बसला. सदऱ्याची पाठ काळी झाली होती. त्याने तोंड पुसलं, तेही काळं झालं.

“आईनं लावून घेतली असणार,” तो म्हणाला. “मला झोप लागावी म्हणून. वसाहतीत फिटर होते, त्यांच्यातल्या कुणाकडून...”

आबांनी पुन्हा फोन मागितला. पट्टीचा फोटो मोठा करायला लावला. रिवेटच्या चपट्या झालेल्या माथ्यांवर त्यांनी नख ठेवलं.

“हे फिटरचं काम नव्हे. फिटर दोन ठोक्यांत मारतो. यानं वीसएक ठोके घातलेत, भीत भीत. शेडला पोचा पडू नये म्हणून.” ते थोडं थांबले. “आणि दोन्ही माथे एकाच अंगाला कललेत. ठोका डावीकडून आलाय. माणूस डावखुरा होता.”

यशोधनच्या आईचा उजवा हात लाल पेन्सिलीने वह्या तपासायचा. तो स्वतः उजवाच. त्या दोन खोल्यांत डावखुरं माणूस एकच होतं. दिवसभर प्रकल्पाची अजस्र यंत्रं सांभाळून घरी आल्यावर ते कधीतरी तुपाचा डबा कापत बसले असतील, बायकोने सांगितलं म्हणून, किंवा न सांगता. त्याबद्दल त्यांनी एक अक्षर कधी काढलं नाही. आणि नंतर त्याच हाताने दिवा उचलून देऊन टाकला. तो दिवा डोळ्यांसमोर नकोसा व्हावा इतकं आई गेल्याचं दुःख घरात आणखी कुणाला तरी होतं, हे दहा वर्षांच्या मुलाला कळलं नव्हतं. चौपन्न वर्षांच्या माणसाला तरी कुठे कळलं होतं?

आबांनी दार उघडलं. दुपार आत आली. हंडे चमकायला लागले.

यशोधनने आबांनी कापलेला पत्र्याचा तुकडा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

“ही पट्टी बसवून द्या.”

“रंग फुटेल. भोकं पाडावी लागतील.”

“पाडा.”

“दिवा मुळासारखा राहणार नाही.”

“पाडा, आबा.”

आबांनी शेड उतरवून मांडीवर घेतली. भोक पाडायचा टोच्या घेतला, हातोडी घेतली. टोच्याचं टोक त्या गुळगुळीत काठावर ठेवलं, अंगठा थांबला होता तिथे. हातोडी उचलली.

आणि तशीच धरून ठेवली.

“कुठल्या बाजूला मारू?”

“होती तिथंच.”

“तिथं तुम्ही निजायचात.”

यशोधनला समजलं नाही. मग समजलं. त्याच्या डोळ्यांपुढे हॉलमधला दिवाण आला. पंचा आला.

“नाना कुठल्या कुशीवर झोपतात?” आबांनी विचारलं.

यशोधनने तोंड उघडलं. त्याला त्या दिव्याच्या प्रत्येक स्क्रूचं साल माहीत होतं. नाना त्याच्या घरात अकरा वर्षं झोपत होते. त्याने आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं.

“...माहीत नाही, आबा.”

आबांनी टोच्या उचलून बाजूला ठेवला. शेड फडक्यात गुंडाळली. मग हंडा पुढ्यात ओढला.

“मग जा, बघून या. भोकं एकदा पाडली की हलवता येत नाहीत.”